एका बाटलीचा अहवाल

काही महिन्यांपूर्वी आमच्या घरच्या पिण्याच्या पाण्याचा तपासणी अहवाल हातात आला. दोन पाने, सव्वीस ओळी, प्रत्येक ओळीपुढे एक आकडा, त्याच्या शेजारी मर्यादेचा दुसरा आकडा आणि शेवटी शिक्क्याच्या वर एकच वाक्य होते : ‘तपासलेल्या घटकांपुरते हे पाणी पिण्यास योग्य आहे.’ आईने चष्मा लावून दोन्ही पाने वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारले, “म्हणजे पाणी चांगले आहे ना?” मला चटकन ‘हो’ म्हणता आले नाही. मी उगाच शंका काढते आहे असे तिला वाटले. पण ‘तपासलेल्या घटकांपुरते’ या शब्दांवर माझी नजर अडली होती, आणि त्यांच्या पोटात काय काय असते ते समजून घेण्यात माझे पुढचे बरेच दिवस गेले.

खरे तर हा अहवाल दुसऱ्या बाटलीचा होता. पहिल्या वेळी मी घरातलीच एक रिकामी बाटली दोनदा विसळून, नळाखाली भरून, दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नेली होती. तिथल्या बाईंनी ती घेतलीच नाही. “ही तपासली तर पाण्याच्या आधी बाटलीचीच माहिती कळेल,” असे म्हणून त्यांनी मला निर्जंतुक केलेली, झाकणाला कागद बांधलेली बाटली दिली आणि ती विसळायची नाही असे बजावले. त्या बाटलीच्या तळाशी सोडियम थायोसल्फेट हे रसायन अगदी थोडे घातलेले असते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल, तर तो बाटलीत शिरल्यावरही जिवाणू मारत राहतो, आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत नमुना नळावर होता त्यापेक्षा स्वच्छ होऊन बसतो; हे रसायन त्या क्लोरीनला तिथेच निष्प्रभ करते. नळाच्या तोंडाची जाळी काढायची, तोंड पुसून निर्जंतुक करायचे, दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्यायचे, मग बाटली भरायची, ती थंड ठेवायची आणि शक्यतो काही तासांत, उशिरात उशिरा चोवीस तासांच्या आत पोहोचवायची, असा हा सगळा विधी आहे.

नंतर वाचताना कळले की शिशाच्या तपासणीसाठी बरोबर याच्या उलट करावे लागते. तिथे पाणी वाहू द्यायचे नसते. रात्रभर, निदान सहा तास, नळ बंद ठेवून सकाळी पहिली धारच बाटलीत घ्यायची असते, कारण शिसे बहुधा उगमातून येत नाही; ते नळ, जोड आणि घरापर्यंत येणारी जुनी नळी यांच्यातून, पाणी थांबलेले असताना, हळूहळू विरघळते. म्हणजे एकाच नळाचे, एकाच सकाळचे पाणी दोन वेगळ्या प्रश्नांसाठी दोन वेगळ्या तऱ्हांनी घ्यावे लागते, आणि एका प्रश्नासाठी नीट घेतलेला नमुना दुसऱ्या प्रश्नाचे खोटे उत्तर देतो. मी दोन मिनिटे पाणी सोडून भरलेल्या बाटलीत शिसे सापडले नाही, यात नवल काहीच नव्हते.

अहवालाच्या सव्वीस ओळींपैकी बहुतेक ओळी रसायनांच्या असतात आणि जिवाणूंच्या ओळी दोनच, त्याही तळाशी. त्यामुळे वाचणाऱ्याचे लक्ष साहजिकच वरच्या गर्दीत जाते. लवकर आजारी पाडण्याच्या दृष्टीने मात्र त्या शेवटच्या दोन ओळींचे वजन सगळ्यांत जास्त आहे. पाण्यातून पसरणारे पटकी, विषमज्वर, कावीळ, जुलाब हे सगळे रोग माणसाच्या किंवा जनावराच्या विष्ठेतून पाण्यात आलेल्या जंतूंमुळे होतात. या प्रत्येक जंतूचा स्वतंत्र शोध घेणे किचकट आणि खर्चाचे असल्यामुळे एक साक्षीदार शोधला जातो. ई. कोलाय हा जिवाणू माणसाच्या आणि उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात विपुल असतो. तो पाण्यात सापडला, तर विष्ठेचा अंश अलीकडेच पाण्यात मिसळला आहे असे समजायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार पिण्याच्या पाण्याच्या 100 मिलिलिटर नमुन्यात तो आढळताच कामा नये. दुसरी ओळ एकूण कोलिफॉर्म जिवाणूंची असते. या मोठ्या कुळातले काही सदस्य माती आणि झाडपाल्यातही राहतात, म्हणून केवळ कोलिफॉर्म सापडले आणि ई. कोलाय नसले तर घाबरून जाण्याचे कारण नाही, पण दुर्लक्ष करण्याचेही नाही. बाहेरचे काहीतरी आत यायला कुठेतरी वाट मोकळी आहे, एवढे त्यातून कळते.

आता आकड्यांविषयी. अहवालात शिशापुढे ‘बीडीएल’ अशी तीन अक्षरे होती. शोधक्षमतेच्या खाली, असा त्याचा अर्थ. मी ते शून्य समजून पुढे गेले होते. पण त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत त्या पद्धतीची शोधक्षमता दिलेली असते, आणि ती वाचल्याशिवाय या अक्षरांना अर्थ नाही. शिशाची मार्गदर्शक मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. वापरलेल्या यंत्राला 50 मायक्रोग्रॅमच्या खालचे काही दिसतच नसेल, तर ‘बीडीएल’चा अर्थ ‘आम्हाला दिसले नाही’ एवढाच होतो. दुसरा सापळा एककांचा. नायट्रेट दोन प्रकारे लिहितात : एक तर पूर्ण नायट्रेट म्हणून, नाहीतर त्यातल्या नायट्रोजनच्या वजनाने, आणि या दोन आकड्यांत जवळजवळ साडेचार पटींचा फरक असतो. जागतिक आरोग्य संघटनेची लिटरला 50 मिलिग्रॅमची मर्यादा पहिल्या प्रकारची आहे. दुसऱ्या प्रकारात तीच 11 होते. खताच्या शेतांखालच्या किंवा शोषखड्ड्यांजवळच्या विहिरीचा अहवाल ‘नायट्रोजनच्या रूपात 20’ असा आला आणि वाचणाऱ्याने तो 50 शी ताडून पाहिला, तर बाटलीचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या घरी ती चूक महागात पडू शकते, कारण जास्त नायट्रेटमुळे बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते.

इथे थोडे विषयांतर करून त्या छोट्या टीडीएस मीटरबद्दल बोलते, कारण अहवालाबद्दल ज्यांच्या ज्यांच्याशी बोलले, त्यातल्या निम्म्या लोकांनी ‘पण टीडीएस किती आला?’ एवढेच विचारले. हा मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिला एका ठरावीक गुणकाने गुणून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतो. हे क्षार बहुतांशी कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बायकार्बोनेट, क्लोराईड आणि सल्फेट असतात. त्यांच्यावरून पाणी चवीला कसे लागेल आणि भांड्यांवर पांढरे डाग पडतील का, हे कळते. लिटरला सुमारे 600 मिलिग्रॅमपर्यंत पाण्याची चव सहसा चांगली वाटते आणि 1000 च्या पुढे ती अनेकांना नकोशी होते. जिवाणू मात्र या मीटरला मुळीच दिसत नाहीत. आर्सेनिकची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा शंभरावा भाग आहे. ती वीस पटींनी ओलांडली, तरी एकेक मिलिग्रॅमच्या पायरीने चालणाऱ्या मीटरवरचा आकडा हलणार नाही. फ्लोराईड दीड मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या दुप्पट झाले, तर 300 चे 303 होतील. सोपे आणि स्वस्त मोजमाप हाताशी असले की आपण त्याच्याकडून नको त्या प्रश्नाची उत्तरे मागू लागतो, असे माझे मत झाले आहे, आणि हा मीटर दाखवून घाबरवणाऱ्या विक्रेत्यांबद्दल तर मी इथे काही लिहीतच नाही.

डोळे, नाक आणि जीभ ही साधनेही तितकीच अपुरी आहेत, याचा सर्वांत वेदनादायक दाखला बांगलादेशातला आहे. तळी आणि नद्यांचे दूषित पाणी पिऊन जुलाबाने मुले दगावत होती, म्हणून 1970 च्या दशकापासून तिथे लाखो कूपनलिका खणल्या गेल्या. पाणी निवळशंख, थंड आणि जंतूंच्या दृष्टीने खूपच सुरक्षित होते. पण त्या त्रिभुज प्रदेशाच्या गाळात निसर्गतःच आर्सेनिक आहे आणि ते भूजलात उतरते, हे ध्यानात यायला वर्षे गेली, कारण आर्सेनिकला रंग, वास, चव काहीच नाही, आणि त्वचेवरचे डाग व पुढचे कर्करोग दिसायलाही वर्षे लागतात. पुढे तपासणी करून कूपनलिकांचे हातपंप लाल आणि हिरवे रंगवण्यात आले. त्यातली मला थक्क करणारी गोष्ट ही की लाल आणि हिरवा पंप काही पावलांच्या अंतरावर असू शकतात, कारण नळी किती खोल आणि कोणत्या थरात उतरली आहे यावर सारे अवलंबून असते. शेजारच्याच्या विहिरीच्या अहवालावर आपले पाणी पिता येत नाही. भूजलाच्या पाण्यासाठी आर्सेनिक, फ्लोराईड आणि नायट्रेट या तीन ओळी अहवालात आहेत का, हे आधी पाहावे; नसतील, तर ‘तपासलेल्या घटकांपुरते’ हे शब्द तिथे फार मोठी जागा झाकून उभे आहेत.

स्थळाइतकाच काळाचाही प्रश्न आहे. चार माणसांच्या घरात माणशी रोज 50 लिटर पाणी धरले, तर वर्षाला 73,000 लिटर पाणी घरात येते. जिवाणूंची तपासणी होते ती 100 मिलिलिटरची, म्हणजे सात लाख तीस हजारांतल्या एका हिश्श्याची, आणि तोही कोरड्या, निवांत दिवशी भरलेला. पाणी बिघडते ते मात्र बहुधा निवांत दिवशी नाही. कॅनडातल्या वॉकर्टन या छोट्या गावात मे 2000 मध्ये मुसळधार पावसानंतर गुरांच्या शेणातला ई. कोलायचा घातक प्रकार एका उथळ विहिरीत उतरला. सुमारे 2,300 लोक आजारी पडले आणि सात जण मृत्युमुखी पडले. त्या विहिरीवर क्लोरीनचे सतत मोजमाप करणारे यंत्र नव्हते, आणि पाणीपुरवठा पाहणारे लोक क्लोरीनच्या नोंदी प्रत्यक्ष न मोजताच भरत होते, असे पुढच्या सार्वजनिक चौकशीत निष्पन्न झाले. प्रयोगशाळेचा दूषित पाण्याचा अहवालही आला होता. तो ज्यांच्या हाती पडला, त्यांनी आरोग्य खात्याला पाणी ठीक असल्याचेच सांगितले. लोक काही दिवस तेच पाणी पीत राहिले.

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात 1993 साली तर नोंदी खोट्या असण्याचीही गरज पडली नाही. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी तिथल्या एका शुद्धीकरण केंद्राच्या गाळण्यांतून निसटला आणि अंदाजे 4,03,000 लोक आजारी पडले. पाण्यात क्लोरीन होता, पण या परजीवीच्या कवचाला नेहमीच्या मात्रेचा क्लोरीन काही करू शकत नाही. त्या दिवसांत केंद्रातून निघणाऱ्या पाण्याचा गढूळपणा वाढला होता, हीच काय ती खूण होती. तेव्हापासून गढूळपणाच्या ओळीकडे मी फक्त दिसण्याची बाब म्हणून पाहत नाही. तो एनटीयू या एककात मोजतात, आणि निर्जंतुकीकरणाआधी तो एकाच्या खाली असावा अशी अपेक्षा असते, कारण मातीच्या कणांच्या आडोशाला जंतू क्लोरीनपासून आणि अतिनील किरणांपासून लपतात.

शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी आणि ओठाला लागणारे पाणी यांच्यामध्ये मैलोगणिक नळ असतात. मिशिगनमधल्या फ्लिंट शहराने एप्रिल 2014 मध्ये पाण्याचा उगम बदलून नदीचे पाणी घेतले, पण नळांच्या आतून संरक्षक थर धरून ठेवणारे रसायन त्यात घातले नाही. अधिक गंजवणाऱ्या त्या पाण्याने जुन्या नळ्यांतले शिसे घराघरांत पोहोचवले. इंजिनांचे भाग गंजतात म्हणून तिथल्या एका मोटार कारखान्याने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते पाणी घेणे बंद केले. माणसांना ते त्यानंतर आणखी वर्षभर मिळत राहिले. जिथे पाणी ठरावीक वेळच येते, तिथे वेगळीच अडचण असते : पुरवठा बंद झाला की नळातला दाब नाहीसा होतो, आणि फुटक्या जोडाभोवती साचलेले सांडपाणी त्या जोडातून आत शिरू शकते. अशा ठिकाणी पाणी आल्यावरची पहिली काही मिनिटे सर्वांत संशयास्पद असतात आणि नेमके तेच पाणी टाकीच्या तळाशी जाते.

हे सगळे वाचून झाल्यावर मी जे करायला आधी हवे होते ते शेवटी केले, म्हणजे पाण्याच्या वाटेने उलट चालत गेले. जागतिक आरोग्य संघटनेने 2004 पासून आपल्या मार्गदर्शक पुस्तिकेत नुसत्या अंतिम तपासणीपेक्षा उगमापासून घरापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावरची जोखीम पाहण्यावर भर दिला आहे, आणि घरापुरते तेच करायला कोणतेही यंत्र लागत नाही. विहीर असेल, तर कठडा फुटला आहे का, भोवती पाणी साचते का, चढाच्या बाजूला शौचालयाचा खड्डा किती अंतरावर आहे, हे पाहायचे असते. आमच्याकडे नळाचे पाणी, म्हणून माझी फेरी मुख्य वाहिनीच्या जोडापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत होती. जोड कोरडा होता. टाकीचे झाकण मात्र एका बाजूने तुटलेले निघाले. आतल्या भिंतीवर शेवाळाची रेघ होती आणि तळाशी बोटभर गाळ. मग लक्षात आले की मी प्रयोगशाळेत दिलेला नमुना थेट वाहिनीवरच्या नळाचा होता, आणि त्या नळाला दिवसातून थोडाच वेळ पाणी असते. बाकी दिवसभर आम्ही पितो ते टाकीचे पाणी. अहवाल प्रामाणिक होता. तो आम्ही क्वचित पितो त्या पाण्याचा होता, एवढेच.

उरलेला क्लोरीन मोजण्याची एक छोटी पेटी मिळते. नळीत पाणी घेऊन त्यात गोळी टाकली की क्लोरीनच्या प्रमाणात गुलाबी रंग चढतो आणि तो शेजारच्या रंगपट्टीशी ताडून पाहायचा असतो. नळापाशी लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा. तो असेल, तर वाटेत शिरलेल्या जंतूंचा सामना करायला काहीतरी शिल्लक आहे असे समजते, आणि काल असलेला आज अचानक नाहीसा झाला, तर वाटेत काहीतरी त्याला खाऊन गेले आहे. आठवडाभर मी दोन्ही नळांच्या नोंदी वहीत लिहिल्या. थेट नळाला रोज 0.4 च्या आसपास रंग येत होता. टाकीच्या नळाच्या पाण्याला रंग चढलाच नाही.

उपायांबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण खरा घोळ उपायाच्या निवडीत नसून निदानात असतो. उकळणे हा जंतूंवरचा उत्तम उपाय आहे; खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे, आणि 2,000 मीटरच्या वर तीन मिनिटे. पण उकळल्याने आर्सेनिक, फ्लोराईड, नायट्रेट जात नाहीत. पाणी आटल्यामुळे ती किंचित वाढतातच. अतिनील दिव्याला स्वच्छ, निवळ पाणी लागते. कोळशाची गाळणी क्लोरीनचा वास घालवते, आणि क्लोरीन गेल्यामुळे तीच गाळणी वेळेवर बदलली नाही तर जिवाणूंचे घर बनते. आरओ यंत्र विरघळलेले विषारी घटक बरेच कमी करते, पण त्याच्या मोबदल्यात बरेच पाणी वाया घालवते. विरघळलेल्या घटकांचा प्रश्नच नसलेल्या पाण्यावर ते बसवणे मला पटत नाही. आमचा प्रश्न झाकणाचा होता. टाकी उपसून, घासून, क्लोरीनच्या पाण्याने धुऊन घेतली, नवे झाकण बसवले, आणि धुण्याच्या आधी व नंतर असे दोन नमुने, या वेळी टाकीच्या नळाचे, प्रयोगशाळेत दिले.

आधीच्या नमुन्यात कोलिफॉर्म निघाले, ई. कोलाय निघाले नाहीत. नंतरच्या नमुन्यात दोन्ही नाहीत. पावसाळ्याचे पहिले दोन आठवडे उलटल्यावर तिसरा नमुना देण्याची तारीख वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली आहे, आणि शिशासाठी सकाळच्या पहिल्या धारेची बाटलीही या वेळी वेगळी मागून घेणार आहे. काल नवा अहवाल आईसमोर ठेवला, तेव्हा तिने पाणी चांगले आहे का असे विचारले नाही. चष्मा लावून तिने आधी वरची ओळ शोधली आणि म्हणाली, “हा कुठल्या नळाचा?”